काक्षीचा न दिसणारा सोबती
(बी. ए. भाग २)

आर्द्रा लागली की नाही, हे आमच्या आजोबांना पंचांगावरून कळे. कुही तालुक्यातील आमच्या गावी दोन एकर धानाची शेती होती. मृगात पऱ्हे टाकायचे आणि आर्द्रेचा पाऊस मनासारखा झाला की रोवणीच्या तयारीला लागायचे, असा त्यांचा हिशोब असे. यंदा आर्द्रेचे वाहन म्हैस की कोल्हा, यावरही ओसरीवर चर्चा रंगे. परंतु आर्द्रा म्हणजे आकाशात डोळ्यांना दिसणारा एक तारा आहे, हे मला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. मला वाटते, आजोबांनाही ते ठाऊक नसावे. यात त्यांचा दोष नाही. ज्या पंधरवड्याला आपण आर्द्रा नक्षत्र म्हणतो, त्या वेळी, म्हणजे जूनच्या अखेरीस, सूर्यच त्या ताऱ्याच्या दिशेला असतो. त्यामुळे आर्द्रेचा पाऊस पडतो तेव्हा आर्द्रेचा तारा दिवसाच्या उजेडात बुडालेला असतो. शेतकरी ज्याच्या नावाने पाऊस मोजतो तो तारा नेमका त्याच वेळी त्याला दिसत नाही, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

हा तारा म्हणजे काक्षी. पाश्चात्त्य लोक त्याला बेटेलज्यूज म्हणतात. बहुतेक अभ्यासक यालाच आर्द्रेचा योगतारा मानतात. थंडीच्या दिवसांत रात्री आठ-नऊच्या सुमारास पूर्वेकडे पाहिले, तर एका ओळीत तीन तारे दिसतात. आमच्याकडे त्यांना तिकांडे म्हणतात. पुराणकथेप्रमाणे हा मृगाच्या पोटात घुसलेला बाण, त्याच्याभोवतीचे चार तारे म्हणजे मृगाचे चार पाय, आणि बाण सोडणारा व्याध त्याच रेषेत थोडा दूर. याच मृगशीर्षावरून लोकमान्य टिळकांनी वेदांच्या काळाची चर्चा केली व ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध केला. चार पायांपैकी बाणाच्या दक्षिणेस निळसर पांढरा तारा आहे तो राजन्य, आणि उत्तरेस तांबूस तारा आहे तो आपला काक्षी. एवढी ओळख पुरे.

मी या ताऱ्याच्या नादी कशी लागले, ते आधी सांगते. दहावीनंतर विज्ञान शाखेत जावे असे माझ्या मनात होते. पण शिकवणीची फी ऐकून बाबा गप्प बसले आणि मी कला शाखेचा अर्ज भरला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, तेव्हा शाखा कोणती हा प्रश्न तसा दुसराच होता. असो. २०२५ च्या जुलै महिन्यात वर्तमानपत्रात एक लहानशी बातमी वाचली की काक्षीला एक सोबती तारा आहे आणि तो प्रथमच दिसला असावा. ‘असावा’ या शब्दापाशी मी अडले. शास्त्रज्ञांनी पाहिले म्हणजे पाहिले, त्यात ‘असावा’ कशाला? त्या रात्री तारा शोधायला गेले तर आकाशात ढग, आणि ढग नसते तरी तारा नव्हताच. तो सूर्याजवळ होता, हे मागाहून कळले.

माझे बाबा कळमना मार्केटमध्ये हमाली करतात. पहाटे चार वाजता सायकलीने घरून निघतात. ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी मी चहा ठेवत असताना ते म्हणाले, “तिकांड्याच्या बाजूचा तो लाल तारा आज दिसला वं, जाताना.” मी त्यांना सहज विचारून ठेवले होते आणि ते विसरले नव्हते. त्या दिवसापासून मी ग्रंथालयात बसून टिपणे काढू लागले. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड त्या कामी फार उपयोगी पडले. पुढे जे लिहिले आहे ते त्या टिपणांतून आणि अलीकडच्या शोधांबद्दल जे वाचावयास मिळाले त्यातून.

काक्षी हा तांबडा महाराक्षसी तारा आहे. तो आपल्यापासून सुमारे साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षे दूर आहे. अंतराबाबत अजून एकमत नाही. आकाराने तो इतका फुगलेला आहे, की सूर्याच्या जागी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चारही ग्रह त्याच्या पोटात जातील. सूर्याशिवाय अन्य ताऱ्याचा व्यास माणसाने प्रथम मोजला तो याच ताऱ्याचा. डिसेंबर १९२० मध्ये मायकेलसन व पीझ यांनी अमेरिकेतील माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटी तुळई बसवून हे मोजमाप केले.

त्याचा दुसरा गुण म्हणजे तो रूपविकारी आहे, म्हणजे त्याचे तेज कमीजास्त होते. जॉन हर्शेल यांना १८३६ साली हे लक्षात आले. एरवी तो अर्ध्या प्रतीच्या आसपास असतो. प्रत म्हणजे तेजाची मोजणी. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पटींचा फरक. २०१९ च्या अखेरीस हा तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला, म्हणजे मृगाचा उत्तरेकडचा जो दुसरा पाय आहे त्याच्याइतकाच झाला. आता तारा फुटणार, अशा बातम्या जगभर आल्या. पुढे असे ठरले, की ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ बनली व ती आपल्या बाजूने आडवी आली. मी तेव्हा शाळेत होते. एवढी घटना डोक्यावर घडून गेली आणि आपण मान वर करून पाहिले नाही, याची आता हळहळ वाटते.

तो मोठा मंदावा एकदाच झाला. नेहमीच्या चढउतारात मात्र दोन ताल आहेत. एक सुमारे चारशे दिवसांचा. तो ताऱ्याच्या स्वतःच्या आकुंचन-प्रसरणाचा आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दुसरा ताल सुमारे २,१०० दिवसांचा, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचा. खरा वाद आहे तो या दुसऱ्या तालाचा.

झोक्याचे उदाहरण घ्या. दोर लांब असला तर झोका सावकाश जातो, आखूड असला तर भराभर. ताऱ्याचेही काहीसे असेच आहे. मोठा तारा सावकाश धपापतो, लहान लवकर. सहा वर्षांचा ताल हा जर काक्षीचा स्वतःचा मूळ ताल असेल, तर काक्षी आपण समजतो त्याहून कितीतरी मोठा असला पाहिजे. एवढा फुगलेला तारा म्हणजे आयुष्याच्या अगदी शेवटाला आलेला तारा. २०२३ मध्ये सायो या जपानी शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच प्रतिपादन केले. त्यांच्या हिशोबाने काक्षीचा अतिदीप्त नवतारा होण्याला काही दशकेच उरली असावीत. उलट, चारशे दिवसांचा ताल हाच मूळ असेल तर तारा तितका मोठा नाही, आणि त्याचा स्फोट व्हायला लाखभर वर्षे तरी लागतील. मग सहा वर्षांचा ताल कोणाचा? कोणीतरी दुसरा सहा वर्षांत त्याच्याभोवती फेरी घालत असला पाहिजे. म्हणजे मृगाचा एक पाय आपल्या हयातीत जळून जाणार की आपल्या पुढच्या हजारो पिढ्यांनाही दिसत राहणार, याचे उत्तर एका न दिसणाऱ्या सोबत्यावर अवलंबून आहे!

न दिसणाऱ्या वस्तूवर असा विश्वास ठेवणे म्हणजे शास्त्र की अंधश्रद्धा, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर जुन्या दोन उदाहरणांत मिळाले.

पहिले ययाती तारकासमूहातील आलगूल या ताऱ्याचे. हा तारा दर दोन दिवस एकवीस तासांनी काही तास मंद होतो. जॉन गुडरिक नावाच्या इंग्रज तरुणाने १७८३ मध्ये त्याचा नेम शोधून काढला आणि असे सुचविले, की एखादी अंधारी वस्तू त्याच्यासमोरून जात असावी. गुडरिक बहिरा होता आणि त्या वेळी अवघा अठरा वर्षांचा होता. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले. एकविसाव्या वर्षी तो वारला. त्याची कल्पना बरोबर होती, हे १८८९ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने वर्णपटावरून सिद्ध केले. मध्ये एकशे सहा वर्षे गेली. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान असलेल्या मुलाने हे केले, हे वाचून मी त्या दिवशी पुढे काही वाचले नाही.

दुसरे उदाहरण तर मृगाच्या शेजारचेच, व्याधाचे. व्याध आकाशात सरळ न सरकता किंचित नागमोडी सरकतो, असे बेसेल यांना आढळले. १८४४ मध्ये त्यांनी सांगितले, की त्याला एक अदृश्य सोबती ओढत आहे. अठरा वर्षांनी, १८६२ मध्ये, अल्व्हान क्लार्क नवी दुर्बीण तपासत असताना तो सोबती दिसला. तो श्वेत बटू आहे. अशा ताऱ्यांचे वस्तुमान किती असू शकते याची मर्यादा पुढे आपल्या चंद्रशेखर यांनी काढली.

या दोन्ही ठिकाणी न दिसणाऱ्या वस्तूबद्दल जे बोलले गेले, ते दिसणाऱ्या वस्तूच्या वागण्यावरून. शिवाय ते अशा रीतीने बोलले गेले, की पुढे कोणाला ते खोटेही पाडता आले असते. भुताच्या गोष्टीत ही सोय नसते.

काक्षीचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही. एखादी वस्तू जवळ येत असेल तर तिच्या प्रकाशाच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या. आगगाडीच्या इंजिनाची शिट्टी जवळ येताना चढी व दूर जाताना उतरती ऐकू येते, तसाच हा प्रकार. अदृश्य सोबती ताऱ्याला फिरवीत असेल, तर रेषा ठरावीक काळाने इकडे तिकडे सरकल्या पाहिजेत. काक्षीच्या रेषा अशा सरकतात, हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. स्पेन्सर जोन्स यांनी १९२८ मध्ये जवळजवळ सहा वर्षांचाच काळ काढला होता. मग तेव्हाच का मानले नाही? कारण हे सरकणे फार थोडे, सेकंदाला जेमतेम दीड-दोन किलोमीटरचे, आणि काक्षीचा पृष्ठभाग स्वतःच कढईतल्या उकळत्या पाकासारखा सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने वरखाली होत असतो. गोंगाटात कोणी हळू आवाजात हाक मारावी, तशातली ही गत.

१९८६ मध्ये तर कारोव्स्का व सहकाऱ्यांनी एक नव्हे, दोन सोबती सापडल्याचे जाहीर केले. एक अगदी जवळ आणि एक जरा दूर. पण नंतरच्या निरीक्षणांत ते दोघेही मिळाले नाहीत. जवळचा सोबती त्यांच्या मते सुमारे दोन वर्षांत फेरी पूर्ण करणार होता. त्याचा सहा वर्षांच्या तालाशी मेळही बसत नव्हता. तेव्हापासून काक्षीच्या सोबत्याचे नाव घेताना लोक जपून बोलू लागले असावेत, असे मला वाटते.

२०२४ मध्ये दोन निरनिराळ्या गटांनी, एक गोल्डबर्ग यांचा व दुसरा मॅक्लाउड यांचा, जुनी सर्व निरीक्षणे पुन्हा तपासली. वेगाची मापे शंभर वर्षांची आणि तेजाची त्याहूनही जुनी. हवामान आणि माणसे बदलली तरी सहा वर्षांचा ताल टिकून होता. उकळण्याला असा नेम नसतो. दोन्ही गटांनी सांगितले, की सूर्यासारखा किंवा त्याहून थोडा लहानमोठा एक तारा काक्षीभोवती फिरत असावा, आणि तो काक्षीच्या विरळ बाह्य वातावरणातूनच वाट काढत असावा. महत्त्वाचे म्हणजे सोबती काक्षीपासून सर्वांत दूर केव्हा दिसेल तेही यावरून काढता आले. ती वेळ होती डिसेंबर २०२४ च्या आरंभीची.

हॉवेल यांच्या गटाने हवाई बेटावरील जेमिनी नॉर्थ या आठ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून त्याच सुमारास काक्षीची अत्यंत अल्पकाळाची असंख्य छायाचित्रे घेतली व ती गणिताने एकत्र केली. हवेच्या थरथरीवर मात करण्याची ही युक्ती आहे. ज्या दिशेला व ज्या अंतरावर अपेक्षा होती, तेथे एक फिकट ठिपका मिळाला. २०२० मध्ये याच उपकरणाने घेतलेल्या चित्रात तो नव्हता. पण तेव्हा हिशोबाप्रमाणे सोबती काक्षीच्याच रेषेत असल्याने तो दिसायलाही नको होता. यालाच ‘सिवारहा’ हे नाव सुचविले गेले. या अरबी शब्दाचा अर्थ ‘तिचे कंकण’.

हा ठिपका पाहणे किती अवघड, याचा हिशोब मी स्वतः करून पाहिला. तो काक्षीपेक्षा सुमारे सहा प्रतींनी मंद आहे. अडीचला अडीचने गुणत सहा वेळा गेले तर २४४ येतात, म्हणजे जवळजवळ अडीचशे पट मंद. काक्षीच्या मध्यापासून त्याचे अंतर एका विकलेच्या हजार भागांपैकी ५२ भाग. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. हे किती बारीक? माझ्याजवळचे रुपयाचे नाणे पट्टीने मोजले तर २२ मिलिमीटर भरले. ते नाणे एवढे लहान दिसायला सुमारे ८७ किलोमीटर दूर न्यावे लागेल. नंदनवनातल्या आमच्या गच्चीवर उभे राहून वर्ध्याच्याही पुढे धरलेले नाणे पाहायचे, आणि त्या नाण्याच्या एका कडेला डोळे दिपवणारा दिवा व दुसऱ्या कडेला काजवा असावा, तसे हे काम. हे गणित चुकेल या भीतीने मी तीनदा केले. तिन्ही वेळा उत्तर तेच आले, तेव्हा मला झालेला आनंद मी कोणाला सांगितला नाही.

आता ‘असावा’ या शब्दाकडे येते. हॉवेल यांच्या निरीक्षणाची खात्री शास्त्रज्ञांच्या भाषेत दीड सिग्मा इतकीच होती. नाणे लागोपाठ तीनदा उडवून तिन्ही वेळा छापाच पडावा, इतका तो योगायोग दुर्मिळ. म्हणजे फारसा दुर्मिळ नाहीच. निर्विवाद शोध म्हणण्यासाठी पाच सिग्मा मागतात; त्याला छापा लागोपाठ एकवीस-बावीस वेळा पडावा लागेल. हां, ठिपका भलतीकडे न मिळता सांगितलेल्या वेळी सांगितलेल्या जागी मिळाला, ही जमेची बाजू धरली पाहिजे. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही.

हे सगळे मी बाबांना एका रात्री जेवताना सांगितले. त्यांनी बरेच ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजे अजून पक्कं नाही?”

“नाही बाबा.”

“मंग तू पक्कं म्हून लिहू नोको.”

या लेखात ‘असावा’ हा शब्द जागोजागी आला आहे तो त्यामुळे.

त्यानंतर आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला काक्षीच्या सोबत्याकडून क्ष-किरण मिळाले नाहीत. तेव्हा तो श्वेत बटू किंवा न्यूट्रॉन तारा नसून साधा तरुण तारा असावा, असा निष्कर्ष निघाला. जन्म काक्षीबरोबरचाच, पण काक्षी वजनदार म्हणून भराभर म्हातारा झाला आणि हा अजून बाळपणात. दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. जानेवारी २०२६ मध्ये ड्युप्री व सहकाऱ्यांनी जाहीर केले, की हबल दुर्बिणीच्या सुमारे आठ वर्षांच्या निरीक्षणांत काक्षीच्या वातावरणात दाट वायूचा एक पट्टा आढळला आहे. पाण्यातून होडी गेल्यावर मागे लाट उमटत जाते तसा हा पट्टा, आणि सोबती काक्षीच्या पुढून गेल्यानंतर तो दिसू लागतो. म्हणजे होडी नीट दिसली नाही तरी पाणी हललेले दिसले. सायो यांच्या भाकिताची बाजू यामुळे लंगडी पडली आहे, असे माझे मत झाले आहे. परंतु हे एका बी. ए. च्या विद्यार्थिनीचे मत आहे, ते तेवढ्याच किमतीचे समजावे.

या हिवाळ्यात मी एक वही घातली. घरमालकांनी गच्चीची किल्ली दिली, ही त्यांची कृपा. रोज रात्री काक्षीची तुलना दोन ताऱ्यांशी करायची. प्रश्वा त्याच्यापेक्षा किंचित तेजस्वी, रोहिणी किंचित मंद. काक्षी या दोघांच्या मध्ये कोठे बसतो ते अंदाजाने लिहायचे. याला दुर्बीण लागत नाही, पैसाही लागत नाही. मैत्रिणींपैकी एकीने “बी. ए. ला हे येते का पेपरात?” असे विचारले, येत नाही, हे खरे आहे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत एकतीस रात्रींच्या नोंदी झाल्या. उरलेल्या रात्री धुके, परीक्षा आणि रस्त्यावरच्या दिव्यांनी खाल्ल्या. माझ्या आकड्यांत जो चढउतार दिसतो तो काक्षीचा नसून बहुधा माझ्या डोळ्यांचा आहे. लागोपाठच्या दोन रात्रींत तारा इतका बदलत नाही.

मार्चमध्येही काक्षी संध्याकाळी डोक्यावरून जरा पश्चिमेला दिसतो. एप्रिल संपता संपता तो मावळतीकडे झुकेल, मे महिन्यात सूर्याच्या उजेडात शिरेल, आणि गावी आर्द्रेच्या पावसाची वाट पाहणे सुरू होईल तेव्हा तो कोणालाच दिसणार नाही. सोबती पुन्हा सर्वांत दूर येण्याची वेळ नोव्हेंबर २०२७ ही काढलेली आहे. तोपर्यंत माझी बी. ए. संपलेली असेल. त्याआधी या ऑगस्टमध्ये काक्षी पहाटे पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसतो, ते नोंदवायचे आहे. ते काम बाबांनी घेतले आहे.